इंकस्केपमधले हाफटोन ठिपके: काही महिने वापरल्यावर

गेले काही महिने हाफटोनचं, म्हणजे फोटोतल्या छटा लहान-मोठ्या ठिपक्यांनी दाखवण्याचं, सगळं काम मी इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्येच करतोय, तेही वेगळं एक्स्टेंशन न टाकता, नुसत्या 'टाइल्ड क्लोन्स'च्या (एकाच आकाराच्या ओळी-रकान्यांत मांडलेल्या प्रतींच्या) जोरावर. टी-शर्ट, पोस्टर, स्टिकर अशा एकरंगी कामाला हे पुरून उरतं. चार रंगांच्या छपाईसाठी मात्र याच्या वाटेला जाऊ नका. ते रिप सॉफ्टवेअरवर (छपाई यंत्रासाठी फाइलचे ठिपके पाडणाऱ्या) सोडलेलं बरं.

पद्धत थोडक्यात सांगतो. ग्रेस्केल फोटोच्या कोपऱ्यावर एक छोटं काळं वर्तुळ ठेवायचं आणि एडिट मेनूतून क्रिएट टाइल्ड क्लोन्स उघडायचं. ट्रेस टॅबमध्ये ट्रेसिंग चालू करून 'एल' (उजळपणा) निवडायचं आणि खाली फक्त 'साइझ'वर टिक करायची. गडद जागी ठिपका मोठा, फिक्या जागी बारीक. काळ्या कापडावर पांढरी शाई असेल तरच 'इन्व्हर्ट'.

इथवर सगळेच शिकवतात. पण एवढ्यावर थांबलं तर चित्र फिकट येतं, आणि याचं कारण साध्या भूमितीत आहे. सॉफ्टवेअर बदलतं ती वर्तुळाची रुंदी, डोळ्याला जाणवतं ते क्षेत्रफळ. ५० टक्के करड्या जागी ठिपका अर्ध्या रुंदीचा होतो आणि आपल्या घराचा, म्हणजे जाळीतल्या एका चौकोनाचा, जेमतेम २० टक्के भाग झाकतो. तिथे हवा असतो घराच्या ८० टक्के रुंदीचा ठिपका. शिवाय एकमेकांना टेकलेली पूर्ण वर्तुळंही साधारण ७८ टक्केच जागा भरतात, म्हणजे ठार काळा मिळतच नाही.

यावरचा उपाय मला जाम आवडलाय. शिफ्ट टॅबमध्ये 'पर रो'खालच्या शिफ्ट एक्स आणि शिफ्ट वायने ओळी सरकवायच्या. एकाआड एक ओळ अर्ध्या घराने सरकते, ओळींमधलं अंतर निम्मं होतं आणि ४५ अंशांची जाळी तयार होते. छपाईत काळ्यासाठी हाच कोन वापरतात, कारण तिरप्या रांगा डोळ्याला कमी खुपतात. वर फायदा असा की शेजारच्या ठिपक्यांमधलं अंतर व्यासाच्या ०.७ पट होतं. पूर्ण आकाराचे ठिपके एकमेकांवर चढतात आणि मधल्या फटी बुजतात. सावल्या एकदम भरीव! मधल्या छटांची उरलेली कसर ट्रेस टॅबमधला गॅमा (मधल्या छटा वरखाली करणारी सेटिंग) शून्याच्या थोडा वर नेऊन भरून काढायची.

वेग हा याचा कच्चा दुवा. १०० ओळी आणि १०० रकाने म्हणजे १० हजार क्लोन, मग झूम करतानाही वाट बघावी लागते. सेटिंग आधी चेहऱ्याच्या छोट्या तुकड्यावर जमवून घ्या. फोटोतला अगदी फिका भाग आधीच शुभ्र पांढरा करून टाका. तिथे क्लोन तयारच होत नाहीत आणि छपाईच्या जाळीवर (स्क्रीनवर) न टिकणारे टाचणीएवढे ठिपकेही टळतात. शेवटी सगळे क्लोन अनलिंक (मूळ वर्तुळापासून सुटे) करायचे, मूळ वर्तुळ उडवायचं (ते पहिल्या क्लोनखाली लपून बसतं) आणि कटरला (स्टिकर कापणाऱ्या यंत्राला) द्यायचं असेल तर युनियन, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आकार. नुसतं कम्बाइन केलं तर कटर एकावर एक चढलेल्या कडाही कापत बसतो.

इलस्ट्रेटरचा 'कलर हाफटोन' झटपट होतो, पण तो आतून पिक्सेलचाच. रास्टर इफेक्टचं रेझोल्यूशन ७२वर असेल तर ट्रेस करून पिक्सेलचे आकार बनवल्यावर ठिपक्यांचे बटाटे होतात. एकरंगी कामाला त्यातले १०८, १६२, ९० आणि ४५ हे ठरलेले कोन बदलून चारही ४५ करावे लागतात. घाईत लांबून बघायचं पोस्टर असेल तर मी अजूनही तोच वापरतो.