नुसता ई८५ ट्यून की फ्लेक्स फ्युएल?

मावसभाऊ अमेरिकेत आयोवात असतो, मक्याच्या गावातच म्हणा ना, त्यामुळे ई८५ (बहुतांश इथेनॉल नि थोडं पेट्रोल असं इंधन) जवळच्या पंपावर मिळतं आणि त्याची टर्बो सुबारू एसटीआय गाडी आता त्यावर न्यायचीय, फक्त ट्यून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग, कुठला ते ठरत नाहीये: नुसता ई८५ साठीचा ठरलेला, की इंधनातल्या इथेनॉलप्रमाणे स्वतः बदलणारा फ्लेक्स.

खर्चात फार फरक नाही रे. ई८५ पेट्रोलपेक्षा ३० टक्क्यांच्या आसपास जास्त लागतं, म्हणजे इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर आणि टाकीतला दमदार पंप दोन्हीकडे घ्यायचाच, मायलेजही दोन्हीकडे पडणारच. फ्लेक्सला वर सेन्सर नि थोडं वायरिंग, बस.

खरी गोम पंपावर आहे. नाव ई८५, पण अमेरिकेत त्यात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं, थंडीत गाडी चालू व्हावी म्हणून कमी ठेवतात. नुसता ट्यून ८० टक्के धरून केला आणि जानेवारीत ५५ चं भरलं तर ठिणगीचं टायमिंग तेवढंच पुढे राहतं, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) होऊ शकतं, पिस्टनची वाट. मग इथेनॉल किती ते कळायला दर वेळी टेस्ट ट्यूबमध्ये खुणेपर्यंत पाणी, वर इंधन, हलवायचं आणि इथेनॉल पाण्यात उतरून पाण्याची रेघ किती चढली ते बघायचं, तेही बर्फात उभं राहून! फ्लेक्सचा सेन्सर हे स्वतः मोजतो, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) नि टायमिंग त्याप्रमाणे हलतं, लांबच्या प्रवासात साधं पेट्रोलही चालतं.

ताकद फुल ई८५ वर दोघांची सारखीच.

ट्रॅकपुरती गाडी, ड्रममधलं ठरलेलं इंधन, तर नुसता ट्यून पुरे. भाऊ रोज ऑफिसला नेतो, त्याने फ्लेक्सच घ्यावा.