तयार खुराडं आणि कोंबड्यांचं कंपोस्ट: एक पावसाळा वापरल्यानंतर

पावसाळा संपता संपता खुराड्याचा ट्रे तळातून सुटून आला, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. खुराडं नेहमीचंच: जाळीचा तळ, त्याखाली ओढता येणारा जस्ती पत्र्याचा ट्रे, आठ कोंबड्यांपुरतं, 14 हजारांचं. विक्रेत्याचं उत्तर आलं की गंज वॉरंटीत बसत नाही. ओल्या शिटेतला अमोनिया आणि खारी हवा एकत्र आली की जस्ताचा मुलामा टिकत नाही, हे गोव्यात माल विकणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं. जाड प्लास्टिकचा ट्रे दिला असता तर हा प्रश्नच आला नसता. सांगाडा, दार, अंडी घालायचे कप्पे यांबद्दल तक्रार नाही.

मात्र ट्रे गेल्यावर कंपोस्ट सुधारलं. पहिल्या महिन्यात या ट्रेला मी पाचपैकी चार दिले असते, कारण सफाई दोन मिनिटांत होते. आता एक देईन. ट्रेमध्ये शीट साचते ती एकटी आणि ओली. तिला कोरडं काही मिळत नाही, त्यामुळे नत्र अमोनिया होऊन उडून जातो. नाकाला झोंबतो तो वास म्हणजे झाडांचं खतच हवेत चाललेलं असतं. शिवाय उबदार हवेत माशीचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं. ट्रे काढायला आठवड्याहून जास्त लावणाऱ्याकडे माश्या होणारच.

त्यामुळे आता जाळीचा तळ काढून खुराडं थेट जमिनीवर, आणि पुढच्या 3 बाय 2.5 मीटरच्या कुंपणात 20 ते 25 सेंटिमीटर पातेऱ्याचा, म्हणजे वाळल्या पानांचा थर. घरातला ओला कचरा रोज सकाळी एका कोपऱ्यात टाकायचा. भाजीची देठं, पपईची सालं, खोबऱ्याचा चोथा, उरलेला भात, सगळं चालतं. बुरशी आलेला भात आणि खारवलेलं काही मात्र नको. कोंबड्या तो ढीग तासाभरात विस्कटतात, खायचं ते खातात, बाकी पायाने पातेऱ्यात मिसळतात. काजू-फणसाची पानं चिवट आणि मेणचट असतात, नुसती रचून ठेवली तर एकमेकांना चिकटून पाणी न झिरपणारे पापुद्रे होतात. कोंबड्यांच्या नख्यांनी ती फाटतात, हा या पद्धतीचा खरा फायदा. उकरण्यात गावठी कोंबडी वनराजा या सुधारित जातीपेक्षा कितीतरी सरस, वनराजा अंगाने जड.

आता पातेऱ्याचं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे बिघडतं ते इथेच. एक कोंबडी दिवसाला साधारण 100 ग्रॅम ओली शीट टाकते. आठांची 800 ग्रॅम, त्यात नत्र 10 ग्रॅमच्या आसपास. शिटेचं कर्ब:नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कार्बन) 8 ते 10, आणि ढीग नीट कुजायला हवं 25 ते 30. वाळल्या पानांचं 50 धरलं तर हिशेबाने रोज एक ते सव्वा किलो कोरडा पातेरा लागतो. जून ते सप्टेंबरचे 120 दिवस धरले तर दीडशे किलोच्या घरात. तांदळाच्या 50 किलोच्या पोत्यात दाबून भरला तरी पातेरा सहा-सात किलोच मावतो. म्हणजे बावीस-पंचवीस पोती, आणि स्वयंपाकघरातल्या ओल्यासाठी आणखी चार-पाच.

एवढा साठा जूनच्या आधी हाताशी नसेल तर पावसाळ्यात हे कंपोस्ट जमत नाही. जानेवारी ते एप्रिल आंबा, फणस, काजूखाली पानांचा खच पडलेला असतो आणि लोक तो परसात जाळतात. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या ठिकाणी जुलैमध्ये कोरडं पान कुठून आणणार? शिगमो (गोव्यातली होळी) झाला की पोती भरायला लागा, शेजाऱ्यांकडूनही मागून आणा. फुकटचा माल आहे. साठवताना खाली दोन थर चिरे, वर ताडपत्री, बाजू उघड्या. पानं दमट भरली तर बुरशी धरते आणि ती धूळ कोंबड्यांच्या फुप्फुसात जाते. पोत्यांची रास घरापासून लांब ठेवा आणि पातेरा हाताने नाही, दाताळ्याने ओढा. फुरसं हा विषारी साप अशाच जागी बसतो.

पर्याय वापरून पाहिले. लाकडाचा बारीक भुसा ओला झाला की थापला जातो आणि आत हवा जात नाही. प्लायवूडच्या कारखान्यातला भुसा तर घेऊच नका, त्यात गोंद असतो. भाताचं तूस कोरडं राहतं, पण त्यात सिलिका जास्त, वर्षभरातही कुजत नाही. सोडणाचा (नारळाच्या काथ्याचा) चुरा पाणी धरतो, तो वाफ्यात बरा, कोंबड्यांच्या पायाखाली नको. अडीअडचणीला फाडलेले पुठ्ठ्याचे खोके चालतात. अकेशियाची पानं कुजायला फार वेळ घेतात, चौथा हिस्सा असली तर ठीक.

वास आला की चुना किंवा चुलीतली राख टाका, हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. दोन्ही अल्कधर्मी. सामू (पीएच) वाढला की अमोनिया आणखी वेगाने सुटतो, म्हणजे वासही वाढतो आणि नत्रही जातो. झोंबणारा वास असेल तर उपाय एकच, पातेरा. कुजकट, आंबूस वास असेल तर खाली पाणी साचलंय, तिथे दाताळ्याने उलटायला हवं. राख वेगळ्या खोक्यात ठेवा, कोंबड्या तिच्यात अंग घोळवतात आणि पिसवा-उवा कमी होतात.

अनेकांना वाटतं की कोंबड्यांच्या पायाखालीच तयार खत होतं. होत नाही. कोंबड्यांना थर कोरडा लागतो, ओला राहिला तर कॉक्सिडिओसिस होऊन रक्ती हगवण लागते. कुजायला मात्र 50 ते 60 टक्के ओल लागते. शिवाय पसरलेल्या उथळ थरात उष्णता टिकत नाही, आणि तिच्याशिवाय शिटेतले जंतू मरत नाहीत. म्हणून दीड-दोन महिन्यांनी खालचा काळपट थर काढून चिऱ्यांच्या मीटरभर लांब-रुंद-उंच कप्प्यात भरायचा. चिरे बिनसिमेंटचे रचा, फटींतून हवा जाते. ओल पाहायला मूठभर घेऊन आवळा: गोळा व्हावा, बोटांमधून थेंब दिसावा पण धार लागू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग 55 अंशांच्या वर गेला. कोमट लागली तर शीट कमी किंवा ढीग लहान. आठवड्याने एकदा असं चार-पाच वेळा बाहेरचं आत उलटायचं, मग सहा ते आठ आठवडे झाकून मुरू द्यायचं. कप्प्यावर जाळी हवी, नाहीतर कोंबड्या सगळं उपसून अंगणभर करतात.

छप्पर कुंपणावरही हवं आणि कप्प्यावरही. पावसाचं पाणी ढिगातून गेलं की नत्र आणि पालाश सोबत वाहून नेतं. पत्रा भिंतीबाहेर हातभर तरी पुढे असावा, आणि नैर्ऋत्येकडून झड आत येते त्या बाजूला माडाच्या विणलेल्या झापा लावा. पाण्याचं भांडं पातेऱ्यावर नको, कडेला विटांवर. त्याखालचा हातभर भाग सगळ्यात आधी चिखल होतो.

बांगड्याची डोकी, सुंगटांची (कोळंबीची) सालं उघड्यावर टाकली की घुशी येतात, मग कुत्री, मुंगूस. मासळीचा कचरा तापलेल्या कप्प्याच्या मधोमध 30 सेंटिमीटर खोल पुरायचा, वर पातेऱ्याची जाड चादर. पावसात ओल्या कचऱ्यात काळ्या सोल्जर माशीच्या जाड, चपट्या अळ्या होतात. त्या मारू नका, कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडतात.

मुरलं की नाही ते मेथी सांगते. निम्मी माती, निम्मं कंपोस्ट घालून मेथी पेरा. उगवून कडा जळाल्या तर क्षार आणि अमोनिया बाकी आहे, आणखी पंधरा दिवस थांबा. आपल्या जांभ्याच्या आम्लट मातीला हे खत मानवतं. वांगी, मिरचीला रोपामागे दोन ओंजळी, खोडापासून वीतभर लांब. माडाला वर्षाला 30 ते 50 किलो, बुंध्यापासून पावणेदोन मीटरपर्यंतच्या आळ्यात, पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरात, मातीत हलकं मिसळून.