ठाणे आणि नवी मुंबईतला शस्त्र परवाना: अर्ज ठीक, कपाटाचं काय?

शस्त्र परवाना ही एक सरकारी सेवा आहे, आणि तिची पारख पासपोर्टच्या सेवेसारखीच व्हायला हवी. अर्ज कसा करायचा, पडताळणी काय होते आणि नकार आला तर दाद कुठे मागायची, हे नीट पाहायला हवं. शस्त्र अधिनियम १९५९, शस्त्र नियम २०१६ आणि २०१९ची दुरुस्ती या तीन कागदांवर ही सेवा उभी आहे.

पहिला घोळ हद्दीचा होतो. ठाणे, कळवा, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा भाग ठाणे पोलीस आयुक्तांकडे येतो. त्यांचं कार्यालय खारकर आळीत आहे. वाशी, नेरूळ, ऐरोलीच नव्हे, तर रायगड जिल्ह्यातलं पनवेल आणि उरणसुद्धा बेलापूरच्या नवी मुंबई आयुक्तालयात येतं. मीरा-भाईंदर २०२० पासून वेगळ्या आयुक्तालयात आहे. मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. जिल्हा पाहून अर्ज टाकला तर फुकटची पायपीट होते, म्हणून आधी आपलं पोलीस ठाणं कोणत्या आयुक्तालयात आहे ते बघा.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, एनडीएएल-एलिस या केंद्रीय पोर्टलवर भरायचा. सोबत ओळख, वय आणि पत्त्याचे पुरावे, मानसिक व शारीरिक आरोग्याचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षणही नियमात आहे. वयाची अट २१ वर्षांची. आधारवर सातारचा पत्ता आणि राहणं घोडबंदर रोडला, असं असेल तर पडताळणी तिथेच अडते. भाड्याचं घर असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लावाच. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच हवं.

आता एक गोष्ट, जी अर्जदारांना क्वचितच कोणी सांगतं. कायद्याचं कलम १३ सगळ्या बंदुकांना एका मापाने मोजत नाही. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, म्हणजे आपली बारा बोर, संरक्षण किंवा खेळासाठी मागितली तर कायद्याचा कल देण्याकडे आहे. रिव्हॉल्व्हर मागितलं की ‘सबळ कारण’ पटवून द्यावं लागतं. धमकी आली असेल तर पोलीस तक्रारीची प्रत, रोकड ने-आणीचा धंदा असेल तर त्याचे कागद जोडा. ‘परिसर असुरक्षित आहे’ एवढ्या एका ओळीने काम होत नाही. कलम १४ सांगतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात, मागितल्यावर सहसा द्यावी लागतात आणि कलम १८ खाली अपील करता येतं. सेवेचा हा भाग आम्हाला मनापासून आवडतो.

‘कशाला हवी?’ या प्रश्नाचं उत्तर देशोदेशी बदलतं. १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियाने सुमारे साडेसहा लाख बंदुका परत विकत घेतल्या. तिथे आत्मसंरक्षण हे परवान्याचं कारणच धरत नाहीत. आपल्याकडे बहुतेक अर्ज त्याच कारणावर उभे असतात. अमेरिकेत कारण विचारतच नाहीत. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार केंद्रीय यंत्रणेकडे चौकशी करतो आणि तीन कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही तर साधारणपणे तो बंदूक देऊ शकतो. कारण विचारण्यात आपला कायदा नक्कीच उजवा आहे.

उणा पडतो तो साठवणीत. जपानमध्ये सामान्य नागरिकाला पिस्तूल मिळतच नाही. छऱ्याच्या बंदुकीसाठी, म्हणजे शॉटगनसाठी, लेखी परीक्षा आणि नेमबाजीची चाचणी असते. घरी बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवावी लागतात आणि दरवर्षी पोलीस बंदूक तपासतात. जर्मनीत २०१७ पासून नवं कपाट घ्यायचं तर ते युरोपीय मानकाच्या किमान शून्य श्रेणीचं लागतं. ब्रिटनमध्ये पोलीस घरी येऊन कपाट बघतात. आपल्याकडे मुख्य भर अर्जदाराच्या सहीवर आहे. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे ही सही पुरेशी नाही, असं आमचं ठाम मत आहे.

म्हणून कपाट स्वतःच नीट बसवा. लाकडी वॉर्डरोबचा ड्रॉवर चालणार नाही. पोलादी कपाट आतून बोल्टने भिंतीला जखडलेलं हवं, नाहीतर चोर अख्खं कपाट उचलून नेतो. भिंत कसली आहे ते आधी ठोकून पाहा. घोडबंदर किंवा खारघरच्या मिवान शटरिंगच्या टॉवरमध्ये भिंती काँक्रीटच्या असतात. त्यात १० ते १२ मिलिमीटरचे अँकर फास्टनर घट्ट धरतात. सिपोरेक्स, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकच्या भिंतीत तेच फास्टनर फिरतात आणि भुगा होऊन बाहेर येतात, कारण ब्लॉक फुगणाऱ्या बोल्टचा दाब सोसत नाही. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, वापरा. कॉलमला मात्र हात लावू नका, ड्रिल थेट सळईवर जातं. बंदूक रिकामी करून ठेवा, काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवा आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात अडकवू नका.

२०१९ पासून एका माणसाकडे साधारणपणे दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालत. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, ही सोय चांगली आहे. वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधीच टाका. निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश आला तर पावतीवर शस्त्राचा क्रमांक, बोर आणि काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.