राउटरवर डीएनएस: १.१.१.१ टाकावा की ८.८.८.८?

इंटरनेट कंपनीचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारा सर्व्हर, दर संध्याकाळी रखडायला लागला, तेव्हा मी राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड वाचला आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हे राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. डीएचसीपीच्या (घरातल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर डीएनएससाठी दोन रिकामे चौकोन होते. आता त्यांत काय भरायचं?

गूगलचा ८.८.८.८ हा २००९ पासूनचा, तर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ एप्रिल २०१८ मधला. वेगाचं म्हणाल तर घरात फरक जाणवत नाही. उगाच मिलिसेकंद मोजत बसू नये. खरा फरक दुसरीकडे आहे. गूगल तुमच्या आयपीचा (इंटरनेटवरच्या तुमच्या आकडी पत्त्याचा) काही भाग पुढच्या सर्व्हरला कळवतो, त्यामुळे व्हिडिओ कधी कधी जवळच्या सर्व्हरवरून येतो. क्लाउडफ्लेअर ते कळवत नाही. खासगीपणाला ते बरं, पण क्वचित लांबचा सर्व्हर वाट्याला येतो.

घरात पोरं असतील तर माझं मत सरळ क्लाउडफ्लेअरला. १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकलं की घातक आणि प्रौढांच्या साइट्स बऱ्याच अंशी बंद. गूगलच्या डीएनएसमध्ये अशी चाळणी नाही.

इथेच मी फसलो होतो. पहिल्या चौकोनात १.१.१.३ आणि दुसऱ्यात ‘असू दे राखीव’ म्हणून ८.८.८.८. दुसरा पत्ता फक्त अडीनडीलाच वापरला जातो असं नाही, त्यामुळे चाळणीला भोक पडलं! जोडी एकाचीच ठेवा. बदल केल्यावर मोबाइलचं वायफाय एकदा बंद-चालू करा. आणि अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये वेगळा पत्ता भरलेला असेल, तर तो फोन राउटरला जुमानतच नाही.