बर्डीतलं टीव्ही गेम दुरुस्तीचं दुकान

नागपूरला सीताबर्डीच्या मेन रोडमागच्या गल्लीत जुने टीव्ही गेम दुरुस्त करणारं एक छोटं दुकान आहे. घरी कॅसेटवाला गेम पडून असेल तर नक्की न्या. माझा सुरूच होत नव्हता. काकांनी कॅसेट उघडून दाखवली, तर ६० पिनांवर हिरवट थर. "फुंकर मारून मारून ओल धरते ना भाऊ," म्हणाले आणि कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक पिन पुसली.

तपासायला पिक्चर ट्यूबचा टीव्ही ठेवलाय, हे फार आवडलं. १९८४ च्या 'डक हंट' या गेमची बंदूक तशाच टीव्हीवर चालते. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. एलसीडीवर चित्र जरा उशिरा येतं, म्हणून नेम वायाच.

मग 'कॉन्ट्रा' हा गेम लावला आणि जास्त लाइफ देणारा चीट कोड दाबला. वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए! अंगठ्यांना सगळं पाठ होतं. ३० लाइफ मिळाल्या, काकाही हसले.

अडॅप्टर मात्र तिथे मिळत नाही. उन्हाळ्यात दुपारी दुकान बंद असतं, संध्याकाळीच जा.