नुसता घेर की तिन्ही मापं? राक्षसी भोपळ्याचं वजन

अमेरिकेतल्या मित्राने अटलांटिक जायंट या राक्षसी जातीचा भोपळा लावलाय आणि विचारतोय, वजनाच्या अंदाजासाठी नुसता घेर मोजू की तिन्ही मापं घेऊ. घेर एकट्याने पटकन मोजता येतो, पण चपटा आणि उंच भोपळा घेराने सारखाच निघतो, तिथेच अंदाज फसतो. तिन्हीत घेर, शिवाय लांबीकडून आणि रुंदीकडून टेप वरून टाकून जमिनीपासून जमिनीपर्यंत, मग बेरीज करून तक्त्यात वजन बघायचं, देठाला धक्का न लावता हे करायला दुसरा माणूस हवाच. टेप मात्र दोन्हीकडे नीट धरा, कारण सगळी मापं १० टक्के वाढली की वजन ३३ टक्के वाढतं! गराची जाडी मात्र दोन्ही पद्धतींत कळत नाही, म्हणून वजन अंदाजेच. रोजची वाढ बघायला घेर पुरे, स्पर्धेला न्यायला गाडी ठरवायची तर तिन्ही मापंच घ्या.