एक जागा, तीन अर्ज: हार्मोन आणि मधुमेहाच्या संशोधनाला नागपुरात माणूस निवडताना

निवड समितीत बसलो की मी उमेदवारापुढं एक चिठ्ठी सरकवतो. बाई, वय ३८. फास्टिंग शुगर १९२, एचबीएवनसी ५.२. विचारतो एवढंच, ‘पुढं काय कराल?’

मागच्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो नागपूरच्या हद्दीवरच्या एका विद्यापीठात विभागप्रमुख आहे. ‘सर, एंडोक्राइन-मेटाबॉलिकच्या संशोधनासाठी एकच पोस्ट मंजूर झाली. एक अर्ज डीएम झालेल्या डॉक्टरचा, एक परदेशातून परतू पाहणाऱ्या पीएचडीचा, एक पीएसएमवाल्याचा. सांगा, कोणाले घेऊ?’ (डीएम म्हणजे इथं हार्मोनच्या आजारांचा सुपरस्पेशालिस्ट; पीएसएम म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, गावोगावच्या आजारांचा अभ्यास करणारी शाखा.) फोनवर तासभर बोललो तरी सगळं सांगून झालं नाही. राहिलेलं इथं लिहितो, कारण अशी एकुलती एक पोस्ट घेऊन बसलेले इतरही असतील.

आधी त्या चिठ्ठीचं. पहिला आकडा उघड मधुमेहाचा, दुसरा अगदी नॉर्मल; दोन्ही एकत्र बसत नाहीत. डीएमवाला बहुतेक वेळा आकड्यांकडं बघून भुवई उंचावतो आणि विचारतो, ‘हिमोग्लोबिन किती? सिकलची टेस्ट झाली का?’ पीएचडी विचारतो, ‘मशीन कोणतं? एचपीएलसी असेल तर ग्राफ बघू द्या.’ पीएसएमवाला विचारतो, ‘बाई कुठल्या तालुक्यातल्या?’ तिघंही बरोबर. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सापडतो. सिकल म्हणजे हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. त्याच्या रुग्णात पेशी फार लवकर मरते, साखरेला चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा खोटा चांगला येतो. दोन्हीकडून सिकलचा जीन आलेला असेल तर ज्या हिमोग्लोबिनवर ही तपासणी बेतलेली आहे तेच रक्तात नसतं. विदर्भात हे रोजचं आहे, आणि फक्त आदिवासी पाड्यांपुरतं नाही. ज्याला ही चिठ्ठी पाहून काहीच खटकत नाही, तो कितीही मोठ्या जर्नलात छापून आलेला असो, मी त्याच्यापुढं फुली मारतो.

आता एकेकाचं बघू.

डीएम एंडोक्रायनॉलॉजी म्हणजे एमबीबीएस, मग तीन वर्षांचं एमडी, त्यावर आणखी तीन वर्षं. तिशी उलटलेला माणूस. त्याची खरी श्रीमंती म्हणजे पेशंट. थायरॉइड, पीसीओएस, उंची न वाढणारं पोर, पंचविशीतच इन्सुलिनवर गेलेला बारीक मुलगा, सगळे त्याच्या दाराशी येतात, आणि मुख्य म्हणजे परत येतात. मेटाबॉलिक आजारात एकदा रक्त काढून फार काही कळत नाही, तोच माणूस पाच-दहा वर्षांनी पुन्हा दिसावा लागतो. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत छिंदवाडा-बालाघाटपासून लोक येतात. इतका पेशंट हाताशी असणं हीच या शहराची प्रयोगशाळा आहे, आणि तिची किल्ली डीएमकडं असते.

पण तीच ओपीडी त्याला गिळते. सकाळी नऊला बसलेला माणूस दोन वाजता उठतो, मग वॉर्ड, मग पीजीचे थिसिस, मग एनएमसीच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या आयोगाच्या, तपासणीची कागदं. संशोधनाला उरते रविवारची दुपार. शिवाय त्याचं संशोधनाचं शिक्षण म्हणजे बहुतेकदा स्वतःचा एक थिसिस आणि आयसीएमआरचा तो बीसीबीआर नावाचा ऑनलाइन कोर्स. कोर्स वाईट नाही, पण त्यानं कोणी संशोधक होत नाही, जसं ड्रायव्हिंग लायसन्स मिळाल्यानं कोणी घाटात गाडी चालवायला शिकत नाही.

दुसरी अडचण धंतोली-रामदासपेठेची, म्हणजे नागपुरातल्या खासगी दवाखान्यांच्या भागाची. तिथं पाटी लावली की जे मिळतं ते कुठलंही विद्यापीठ देऊ शकत नाही, त्या नादी लागूच नका. तुमची खरी स्पर्धा मिहानमधल्या एम्सशी. तिथं असिस्टंट प्रोफेसर लेव्हल १२ वर लागतो, मूळ वेतन १,०१,५००, डॉक्टरला वर नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स. विद्यापीठांच्या यूजीसी वेतनश्रेणीत लेव्हल १० ला सुरुवात ५७,७०० नं होते. डॉक्टरला त्या आकड्यावर बोलावणं म्हणजे त्याला परत पाठवणंच.

एका संस्थेत मी हे घडताना पाहिलं. मोठ्या हौसेनं डीएम आणला, त्यानं प्रकल्पही मिळवला, आणि दीड वर्षात तो प्रॅक्टिसला गेला. मागं राहिले फ्रीझरमधले चारेकशे नमुने, ज्यांच्यावरचे कोड फक्त त्यालाच वाचता येत होते. वही सापडली, पण दोन पानं चहानं चिकटलेली. माणूस वाईट नव्हता. संस्थेनं त्याच्यासोबत कोणी जोडीदार दिला नव्हता, एवढंच.

पीएचडीचं गणित निराळं. पाच वर्षं पीएचडी, तीन-चार पोस्टडॉक, हातात चांगले पेपर. डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) परदेशातून परतणाऱ्यांसाठीची रामलिंगस्वामी फेलोशिप मिळालेला असेल तर पाच वर्षांचा पगार आणि थोडे खर्चाचे पैसे तो स्वतःच घेऊन येतो. संस्थांना ही फुकटची म्हैस वाटते. सहाव्या वर्षी त्याला कायम पोस्ट द्यायची की नाही हे आधी ठरवा, नाहीतर तो चौथ्या वर्षापासूनच आयसरला (केंद्राच्या विज्ञान संस्था) अर्ज टाकू लागतो, आणि ते बरोबरच करतो. दुसरं असं की एनएमसीच्या हिशेबात तो एंडोक्रायनॉलॉजीचा शिक्षक धरला जात नाही. बायोकेमिस्ट्री-फिजिऑलॉजीत बिगर-डॉक्टरांचा वाटा किती, हे नियम गेल्या काही वर्षांत पालटत आलेत. जाहिरातीआधी ताजं राजपत्र वाचा, किंवा सरळ विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात पोस्ट दाखवा.

पीएचडीला सामान लागतं. उणे ८० चा फ्रीझर, इनक्युबेटर, पीसीआर. उंदरांवर काम असेल तर नोंदणी झालेलं ॲनिमल हाऊस. पहिलं वर्ष खरेदीच्या फायलीतच जातं, हे धरून चाला. एका मुलाखतीत उमेदवारानं आम्हालाच विचारलं होतं, ‘लाइट गेली तर जनरेटर किती वेळात घेतो?’ समितीतले आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. कुलसचिव म्हणाले, ‘घेते ना, घेते.’ तो आला नाही. पुढच्या मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी फीडर गेला, जनरेटर सुरू झाला, पण फ्रीझर ज्या प्लगवर होता ती लाइन जनरेटरवर नव्हतीच. सोमवारी सकाळी डिस्प्लेवर उणे ११. खाली पाण्याचं थारोळं. बाहेर ४५ डिग्री. तेव्हा मला त्या मुलाचा प्रश्न आठवला.

आणि पीएचडीकडं पेशंट नसतो. मेडिकल चौकातून हद्दीवरच्या लॅबपर्यंत नमुना कोण आणणार, कशात आणणार? एसीटीएचसारखा हार्मोन तर रक्त काढल्याबरोबर बर्फात न ठेवल्यास वाटेतच विरतो. कुणाच्या स्कूटरच्या डिकीतून आलेला नमुना म्हणजे संशोधन नव्हे.

तिसऱ्या अर्जाकडं, म्हणजे पीएसएमवाल्याकडं, समित्या बघतच नाहीत. चूक करतात. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून आया आणि मुलांचा मागोवा घेतला, त्याला फार मोठी यंत्रं लागली नाहीत, चिकाटी लागली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि इंग्रज सहकारी युडकिन यांचा फोटो छापला: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. एका चित्रात भारतीय मधुमेह समजतो. कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह फेडरेशननं २०२५ मध्ये ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. मेळघाट आणि गडचिरोली उशाला असताना या प्रश्नावर नागपूरनं नाही तर कोणी काम करायचं? अडचण इतकीच की असं काम दहा वर्षांनी फळतं, आणि तुमच्या व्यवस्थापनाला नॅकच्या, म्हणजे संस्थेच्या मूल्यांकनाच्या, पुढच्या फेरीआधी पेपर हवे असतात.

मग कोणाला घ्यायचं? कॅम्पसवर स्वतःचं चालतं हॉस्पिटल असेल तर मी डीएमला घेईन, पण नेमणूकपत्रात दोन ओळी लिहून: ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस, आणि पहिल्या दिवसापासून एक पूर्णवेळ रिसर्च असोसिएट. तोंडी नको. तोंडी कबूल केलेले संशोधनाचे दिवस डेंग्यूच्या पहिल्या लाटेत वाहून जातात. डीएम उद्या गेला तरी नमुने आणि वह्या त्या असोसिएटच्या हाती राहतात. या दोन ओळींवर व्यवस्थापन सही करायला तयार नसेल, तर डीएमचा विचार सोडा. तुम्हाला मग संशोधक नको आहे, डॉक्टर हवा आहे, त्यासाठी वेगळी जाहिरात काढा.

हॉस्पिटल नसेल तर पीएचडी, मात्र आधी एखाद्या मोठ्या रुग्णालयाशी लेखी करार आणि दोन्हीकडच्या एथिक्स कमिटीची मंजुरी. माणूस येऊन बसल्यावर करार शोधायला निघालात तर त्याची दोन वर्षं जातात. त्याला सिकल आणि एचबीएवनसीवर काम करायला सांगा: कोणत्या मशीनवर आकडा किती चुकतो, फ्रुक्टोसामाइन, म्हणजे हिमोग्लोबिनऐवजी रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी तपासणी, किती विश्वासाची. हा प्रश्न बोस्टनला बसून सुटत नाही, आणि त्याचं उत्तर उद्या चंद्रपूरच्या ओपीडीत वापरता येतं. माझ्या विद्यार्थ्याकडं हॉस्पिटल आहे, पण दोन ओळी मिळतील असं त्याला वाटत नाही. पीएसएमवाल्याला बोलावून तर बघ, असं मी त्याला म्हटलं. तो हसला.

पगारापेक्षा एका गोष्टीवर मी जास्त होकार-नकार ठरताना पाहिलेत: जोडीदाराची नोकरी. मुलाखतीत हे विचारायचं नसतं, पण उमेदवार शहर बघायला आला की जोडीदारालाही बोलवा, क्वार्टर दाखवा, शाळा दाखवा, आपल्या ओळखीत काही जमत असेल तर मोकळेपणानं सांगा. आणि लॅब उभारताना फ्रीझरची खोली पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नका. दुपारी चारनंतर ती भिंत हात लावून बघा, म्हणजे कळेल.